न दिसणाऱ्या धनाचा हिशेब

पत्त्यांच्या जुगाराचें नांव काढतांच सुशिक्षित गृहस्थाच्या कपाळास आठी पडते, व तें योग्यच आहे. तथापि गणितशास्त्राची एक थोर शाखा जुगाऱ्यांच्या शंकांतूनच वाढीस लागली, हें विसरतां येत नाहीं. १६५४ सालीं पास्कल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यांतील एक प्रश्न असा होता कीं, अर्ध्यावर मोडलेल्या खेळांतील पैसा खेळाडूंनीं कसा वांटून घ्यावा? त्यांचें उत्तर असें कीं, जिंकलेले डाव मोजून भागत नाहीं. पुढें काय काय घडणें शक्य आहे, तें मोजलें पाहिजे.

भविष्यास किंमत लावण्याच्या या विद्येची कसोटी पाहणारा खेळ म्हणजे अमेरिकेंतील पोकर होय. १८२९ सालीं जोसेफ कॉवेल या इंग्रज नटानें तो आगबोटीवर पाहिला, तेव्हां त्यास अवघीं २० पानें लागत. पुढें ५२ पानांचा जोड रूढ झाला. त्याचा टेक्सस प्रांतांतील प्रकार १९६३ च्या सुमारास लास व्हेगास येथें पोंचला. यांत प्रत्येकास दोन झांकलेलीं पानें मिळतात व मागाहून पांच समाईक पानें उघडतात. ‘अमर्याद’ प्रकारांत आपल्या पाळीस समोरील सर्व धन पणास लावतां येतें.

समाईक पानें उघडण्यापूर्वींच पण वाढविणें, हा जाणत्याचा पहिला डावपेच. त्यानें दुबळे हात बाजूस होतात, किंवा पुढचें पाहण्याची किंमत मोजतात. समजा, आपल्या हातीं दोन पंज्या आहेत. पहिल्या तीन पानांत तिसरी पंजी येण्याचा संभव शंभरांत सुमारें १२. म्हणजे एका यशामागें साडेसात अपयशें. पुढें जाण्यास १० डॉलर पडत असतील व मध्यें १५ च असतील, तर तो व्यवहार तोट्याचा. निदान ७५ तरी हातीं लागावयास हवेत. परंतु प्रतिपक्ष्यापाशीं आणखी ३०० असून त्यांतील बराच भाग आपणांकडे येण्याजोगा असेल, तर हिशेब फिरतो. हेंच गर्भित प्रमाण. त्याच्यापाशीं ४० च उरले असतील, तर पानें टाकावीं. म्हणूनच चतुर खेळाडू समोरच्याचें धन पाहून पण इतका वाढवितो कीं, या आशेस जागाच उरूं नये.

डॉयल ब्रन्सन यानें १९७६ व १९७७ सालीं जागतिक स्पर्धा जिंकली, त्या दोन्ही वेळां शेवटच्या डावांत त्याच्या हातीं दश्शी व दुर्री अशीं हलकीं पानें होतीं. पाहणारास हें केवळ दैव वाटेल. पण एका डावाच्या निकालावरून निर्णयाची पारख होत नाहीं, हीच तर या विद्येची पहिली शिकवण. डेव्हिड स्क्लान्स्की यानें १९८७ च्या आपल्या ग्रंथांत गर्भित लाभाबरोबर गर्भित हानीचेंहि विवेचन केलें: आज थोडक्यांत मिळालेला प्रवेश उद्यां सर्वस्व मागूं शकतो.

द्यूतसभेंत युधिष्ठिरानें नेमकी हीच दुसरी बाजू मोजली नाहीं. प्रत्येक पराभवानंतर तो पुढच्या फाशाकडे पाहत राहिला, आणि राज्य, बंधु, स्वतः व अखेर द्रौपदीहि पणास लागली. कर्ज काढून सट्टा करणारा आजचा गृहस्थहि मिळणारें धन मनांत मोजतो. घरच्या माणसांनीं भरावयाची रक्कम मात्र त्याच्या हिशेबांत नसते.