निवडुंग : एक नाम, दोन कुले

यवतमाळ जिल्ह्याच्या ईशान्य व पूर्व अंगाने वर्धा नदी वाहते, दक्षिण सीमेवरून पैनगंगा. या दोन नद्यांमधील मुरमाड टेकड्यांवर आणि शेतांच्या धुऱ्यांवर ‘निवडुंग’ हे एकच नाव धारण करणाऱ्या दोन अगदी भिन्न वनस्पती आढळतात. एकीचे खोड जाड असून त्यावर काटे जोडीजोडीने येतात; पावसाळ्यात शेंड्यांना मांसल पाने फुटतात आणि कोठेही घाव घातला की पांढरा चीक वाहू लागतो. दुसरीला असा चीक नाही. तिचे खोड चपट्या, हिरव्या पेऱ्यांचे बनलेले असते, त्या पेऱ्यांवर काट्यांचे झुबके असतात आणि त्यांच्या कडांवर फुले व पुढे लालसर बोंडे येतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पहिली युफोर्बिया प्रजातीतील, म्हणजे एरंडकुलातील. दुसरी ओपन्शिया प्रजातीतील, म्हणजे कॅक्टेसी कुलातील. पहिली या भूमीत पुरातन. दुसरी अमेरिका खंडातून आलेली. या दोहोंना एकच नाव देण्यात मराठी भाषकांची चूक झाली काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नामकरणाच्या इतिहासात शोधावे लागते.

१. शास्त्रीय नावांची वाटचाल

खोडात किंवा पानांत पाणी साठवून ठेवणाऱ्या वनस्पतींना ‘मांसल’ किंवा ‘रसाळ’ म्हणतात. युरोपीय भाषांतील ‘सक्युलंट’ हा शब्द ‘रस’ या अर्थाच्या लॅटिन ‘सक्कस’ शब्दापासून आला. हा वर्ग आप्तसंबंधांवर आधारलेला नाही. तो देहरूपावर व जीवनपद्धतीवर आधारलेला आहे. तथापि या देहरूपाच्या आधारेच युरोपात मोठे ग्रंथ रचले गेले. १७९९ पासून द कांदोलचा ग्रंथ खंडशः निघू लागला आणि १८१२ मध्ये एड्रियन हॅवर्थचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथांत परस्परांशी नाते नसलेली अनेक कुले केवळ रसाळपणामुळे शेजारी बसली आहेत.

‘कॅक्टस’ या नावाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. ग्रीक थिओफ्रास्टसने ‘काक्टोस’ हे नाव सिसिली बेटावरील एका काटेरी वनस्पतीला दिले होते. अमेरिकेचा शोध लागण्यापूर्वीची ती वनस्पती आजच्या अर्थाने कॅक्टस असणे शक्य नाही. लिनीअसने १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात ते जुने नाव उचलले आणि पूर्वसूरींनी वेगळ्या मानलेल्या प्रजाती एकत्र करून सर्वांना ‘कॅक्टस’ म्हटले. लगेच पुढच्या वर्षी, १७५४ मध्ये, फिलिप मिलरने ओपन्शिया, सेरिअस इत्यादी प्रजाती पुन्हा वेगळ्या केल्या. ‘ओपन्शिया’ हे नावही ओपुस या ग्रीक नगराचे. तेथील एका वनस्पतीचा उल्लेख प्लिनीने केला आहे, पण ती अमेरिकन नव्हे. पुढे ‘कॅक्टस’ हे प्रजातीचे नाव शास्त्राने त्यागिले. ते आता कुलाच्या नावात व लोकव्यवहारात तेवढे उरले आहे.

‘युफोर्बिया’ची कथाही अशीच. मॉरिटेनियाचा राजा दुसरा जुबा याने आपला वैद्य युफोर्बस याचे नाव एका चिकाळ वनस्पतीला दिले, असे प्लिनी सांगतो. लिनीअसने ते नाव सर्व प्रजातीला लावले आणि भारतातील तिधारी निवडुंगाला ‘अँटिक्वोरम’, म्हणजे ‘प्राचीनांचा’, हे जातिवाचक पद जोडले. प्राचीनांचे औषध मात्र मोरोक्कोतील एका निराळ्याच जातीपासून मिळत असे. सारांश, ज्या शास्त्राच्या मापाने ‘निवडुंग’ हे नाव सदोष ठरवावयाचे, त्या शास्त्रालाही उधार नावे, चुकलेली ठिकाणे आणि विसंगत एकीकरणे यांतूनच वाट काढावी लागली आहे.

२. शेजारच्या भाषांची साक्ष

कॅक्टेसी कुलातील वनस्पती या देशात आल्या त्या १४९२ नंतर, युरोपीयांच्या दळणवळणातून. त्या आल्या तेव्हा त्यांना नाव देणे प्राप्त झाले. हे नाव कसे दिले गेले हे पाहण्यासाठी मराठीच्या शेजारभाषांकडे वळणे आवश्यक आहे.

तमिळमध्ये चिकाळ युफोर्बियाला ‘कळ्ळी’ म्हणतात; ओपन्शियाला ‘चप्पात्तिक्कळ्ळी’, म्हणजे चपातीसारखी कळ्ळी. कानडीतही मूळ पद ‘कळ्ळी’ असून ओपन्शिया ‘पापासुकळ्ळी’, म्हणजे पायतणासारखी कळ्ळी होय. तेलुगूत युफोर्बिया ‘जेमुडु’ आणि ओपन्शिया ‘नागजेमुडु’. गुजरातीत मूळ पद ‘थोर’. ओपन्शिया ‘हाथलो थोर’, म्हणजे हाताच्या पंजासारखा थोर. मराठीत मूळ पद ‘निवडुंग’ आणि ओपन्शिया ‘फड्या निवडुंग’. फडा म्हणजे नागाने उभारलेला फणा.

पाच भाषांतील या साक्षीत एक निश्चित नियम दिसतो. प्रत्येक भाषेने परक्या वनस्पतीसाठी ओळखीच्या देशी वनस्पतीचे नाव घेतले आणि त्यापुढे तिच्या चपट्या पेऱ्याचे वर्णन करणारे भेदक पद जोडले. चपाती, पायतण, फणा, पंजा या उपमा वेगळ्या; रचना एक. हिंदीने तेवढे ‘थूहर’ हे मूळ पद बाजूस ठेवून ‘नागफनी’ हे स्वतंत्र नाव रूढ केले. परका पदार्थ देशी नावात सामावून घेण्याची ही रीत मराठीत इतरत्रही दिसते. अमेरिकेतून आलेल्या एका झाडाला ‘विलायती चिंच’ म्हणतात, ते याच न्यायाने.

१९७३ मध्ये बर्लिन, ब्रीडलव्ह आणि रेव्हन यांनी लोकवर्गीकरणाची सामान्य तत्त्वे मांडली. लोकभाषांत बहुधा एकपदी मूळ नाव असते आणि त्याचे पोटभेद द्विपदी नावांनी दाखवले जातात, असे त्यांत प्रतिपादिले आहे. वई निवडुंग, तिधारी निवडुंग, फड्या निवडुंग ही मालिका त्याचे स्वच्छ उदाहरण होय. लिनीअसची द्विपद पद्धतीही रचनेने याहून निराळी नाही. मात्र तिच्यातील पहिले पद नाते सांगते, तर मराठीतील मूळ पद रूप सांगते. ‘निवडुंग’ हे ‘कॅक्टस’चे भाषांतर नसून ‘मांसल’ या शब्दासारखे रूपवर्गाचे नाव आहे. दोन्ही कुलांचे साम्य तरी खरेच आहे. पाण्याच्या दुर्भिक्षाने दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या वंशांत, सारखेच देह घडवले.

कधी कधी लोकनाम शास्त्रनामाइतकेच सूक्ष्म असते. मादागास्करहून आलेल्या एका वनस्पतीच्या पानांच्या कडांना अंकुर फुटतात. १८०५ मध्ये सॉल्झबरीने ग्रीक शब्दांतून तिला ‘ब्रायोफायलम’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘फुटणारे पान’. मराठी माणसाने त्याच लक्षणावरून तिला ‘पानफुटी’ म्हटले. याच वनस्पतीचे पान सकाळी आंबट व दुपारी बेचव लागते, असे भारतात वावरलेल्या बेंजामिन हाइने याने नोंदवले. ही नोंद १८१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मांसल वनस्पती रात्री हवेतील कर्बवायू आम्लरूपाने साठवतात, या पुढील शोधाचा तो एक आरंभ होता. आता शास्त्रज्ञ या वनस्पतीचा समावेश बहुधा ‘कलांचो’ प्रजातीत करतात. ‘पानफुटी’ मात्र आहे तशीच आहे.

३. भेदक पदाची किंमत

लोकनामातील ज्ञान मूळ पदापेक्षा भेदक पदात अधिक असते. ते पद गळले की काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण किरमिजी रंगाचे. हा मौल्यवान रंग ओपन्शियावर वाढणाऱ्या एका अमेरिकन किड्यापासून मिळतो. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन याने ब्राझीलहून हा किडा म्हणून काही किडे भारतात आणले. ते वस्तुतः दुसऱ्याच जातीचे निघाले. रंग हलका मिळाला. परंतु त्या किड्यांनी ओपन्शियाच्या एका जातीचा फडशा पाडला. तेव्हा निवडुंगाच्या उपद्रवावर उपाय सापडला, असे वाटले. पुढे तोच किडा दुसऱ्या जातीच्या ओपन्शियावर सोडण्यात आला, तेव्हा तो निष्प्रभ ठरला. त्या जातीसाठी योग्य असा निराळा किडा १९२६ मध्ये सिंहलद्वीपातून आणावा लागला. मनुष्याने दोहोंना एकच ‘निवडुंग’ मानले. किड्याने मानले नाही. याच सुमारास रॉक्सबर्गसारख्या थोर वनस्पतिज्ञाने बंगालमधील ओपन्शियाला ‘कॅक्टस इंडिकस’ हे नाव दिले होते. पाहुणा इतका रुळला होता की शास्त्रनामातही तो ‘भारतीय’ ठरला.

दुसरे उदाहरण वैद्यकाचे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात ‘सुधा’ म्हणजे स्नुही हिच्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. तिचा चीक हे तीव्र रेचक. तेथे काट्यांच्या संख्येवरून तिचे दोन प्रकार मानले असून बहुकंटक प्रकार श्रेष्ठ म्हटला आहे. येथेही वर्गीकरण आहेच आणि त्याचा पाया प्रत्यक्ष निरीक्षणाचा आहे. ‘स्नुही’चा अर्थ ‘निवडुंग’ आणि ‘निवडुंगा’चा अर्थ ‘कॅक्टस’ असे कोशातून कोशात उतरत गेल्यास वाचक अमेरिकन वनस्पतीपाशी जाऊन पोचतो. फड्या निवडुंगाची बोंडे कुसळे काढून मुले आवडीने खातात; वई निवडुंगाचा चीक डोळ्यांत गेला तर तीव्र दाह होऊन काही काळ दृष्टीही जाते. अशा ठिकाणी ‘वई’ आणि ‘फड्या’ ही केवळ विशेषणे राहत नाहीत.

४. देशी नाव आणि शास्त्रनाम

शास्त्राने देशी भाषांकडून काहीच घेतले नाही, असे मात्र नाही. व्हान ऱ्हीडेच्या पुढाकाराने सिद्ध झालेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तिघांचे १६७५ मधील कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. मराठी अभ्यासकाला या ग्रंथाविषयी आपुलकी वाटण्यास तेवढे कारण पुरे. याच ग्रंथातील मलयाळम ‘तिरुकळ्ळी’ लिनीअसने उचलले आणि शेराचे शास्त्रीय नाव ‘युफोर्बिया तिरुकल्ली’ झाले. मूळ पद आणि भेदक पद दोन्ही एका लॅटिन पदात गोठली. माकडशिंगाच्या ‘कॅरॅलुमा’ या प्रजातीचे नाव रॉक्सबर्गने नोंदवलेल्या तेलुगू नावावरून घेतलेले आहे.

याच्या उलट उदाहरण ‘शिंदळ माकुडी’चे. जुन्नरच्या परिसरातून मिळालेल्या या दुर्मीळ वनस्पतीचे वर्णन करताना डाल्झेलने मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने ‘फ्रेरिया इंडिका’ असे नामकरण केले. १९५८ मध्ये रौलीने ती कॅरॅलुमात घातली. त्या प्रजातीत ‘इंडिका’ हे पद आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले असल्याने तिला ‘फ्रेराय’ हे नवे पद मिळाले. नियमानुसार सर्व यथायोग्य झाले. परंतु देशाचे नाव गेले आणि गव्हर्नरचे नाव एका पदातून दुसऱ्या पदात सुरक्षित राहिले. ‘शिंदळ माकुडी’ला या घडामोडींत कोठेच प्रवेश नव्हता.

५. यवतमाळचे कार्य

या विवेचनाच्या दृष्टीने यवतमाळ जिल्ह्याचे स्थान विशेष आहे. १९०५ पर्यंत ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात मराठीच्या जोडीला कोलामी व गोंडी या द्राविड भाषा, बंजारा समाजाची गोरमाटी आणि दक्षिण सीमेलगत तेलुगू नांदतात. ‘निवडुंग’ आणि ‘जेमुडु’ यांची सीमारेषा येथूनच जवळ आहे. जिल्ह्यातील वनस्पतींचा ग्रंथ कार्तिकेयन व आनंद कुमार यांनी सिद्ध केला आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. कोलामीचे व्याकरण सेतुमाधवराव पगडी यांनी १९५० मध्ये लिहिले. एमेनो यांचा ग्रंथ १९५५ चा असून त्याची सामग्री शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आहे. एका बाजूस वनस्पतींची सूची आणि दुसऱ्या बाजूस भाषेचे वर्णन, अशी सामग्री हाताशी आहे. या दोहोंना जोडणारे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अंगावर घेण्यासारखे आहे.

ते करताना काही पथ्ये पाळणे इष्ट. नाव नोंदवताना मूळ पदाबरोबर भेदक पदही घ्यावे. वनस्पतीचा नमुना किंवा छायाचित्र जोडावे. बोलणाऱ्याची भाषा, गाव आणि वनस्पतीचा उपयोग नमूद करावा. अमेरिकन वनस्पतीला कोलामी, गोंडी व गोरमाटीत देशी नावावरून नाव मिळाले की स्वतंत्र, हे विशेष तपासावे. मेक्सिकोतील त्सेल्ताल भाषेत मेंढीला प्रथम ‘कापसाचे हरीण’ म्हणत. पुढे मूळ शब्द मेंढीकडे गेला आणि हरणालाच ‘रानातली मेंढी’ म्हणण्याची पाळी आली. शहरी मराठीत ‘निवडुंग’ म्हणताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे चपट्या फड्यांची वनस्पती उभी राहते. येथेही तोच पालट सुरू आहे काय, हे पाहण्याची वेळ हीच होय.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. दोन कुलांना एक नाव देण्यात मराठी भाषकांची चूक झाली नाही. त्यांनी रूपसाम्य मूळ पदात आणि भेद भेदक पदात ठेवला. चूक होते ती ते भेदक पद अनावश्यक मानून टाकून दिल्याने. काटेरी तारांच्या कुंपणांनी वई मागे पडत आहे आणि कुंड्यांतील सर्व काटेरी वनस्पतींना सरसकट ‘कॅक्टस’ म्हटले जात आहे. अशा काळात वई, तिधारी, फड्या, शेर हे शब्द जपणे म्हणजे भेद ओळखण्याची दृष्टी जपणे होय.