दुसरा शनिवार

शुक्रवार, 10 ऑगस्ट 2018. अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गुपचूप इशारा धाडला: येत्या काही दिवसांत कुठल्यातरी बँकेची बनावट कार्डं वापरून जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढले जातील. बँकेचं नाव त्यात नव्हतं.

शनिवार, 11 ऑगस्ट. दीप अमावास्या, म्हणजे आपल्याकडची गटारी. शिवाय दुसरा शनिवार, त्यामुळे बँका बंद. पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावरच्या, 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेतही सुट्टीच. चोराने आपला मुहूर्त नीट बघितला होता.

दुपारी 3. निरनिराळ्या देशांत माणसं एटीएमसमोर उभी राहिली. एरवी कार्ड घातलं की यंत्र बँकेच्या स्विचला विचारतं, स्विच मुख्य प्रणालीत शिल्लक बघतो आणि मग हो किंवा नाही सांगतो. इथे चोरांनी आधीच बँकेच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर घुसवून एक खोटा स्विच बसवला होता. प्रश्न बँकेपर्यंत पोचतच नव्हता. खोटा स्विच परस्पर ‘हो’ म्हणे आणि यंत्र नोटा मोजून देई.

कोल्हापुरातही हेच चाललं होतं. सीसीटीव्हीत दिसतात ती साधी माणसं. हातात कार्डांचा गठ्ठा, एक झालं की दुसरं. संगणकातलं त्यांना काही कळत असण्याची गरजच नव्हती. कार्ड घालायचं, पिन दाबायचा, नोटा पिशवीत टाकायच्या.

याच दरम्यान व्हिसा कंपनीचा बँकेला निरोप आला: तुमच्या कार्डांवर पैसे काढायची झुंबड उडाली आहे. अधिकाऱ्यांनी आपली यंत्रणा तपासली, तर सगळं आलबेल. दिसणार तरी काय? व्यवहार तिथे येतच नव्हते. जवळपास अर्ध्या तासाने, खबरदारी म्हणून, व्यवहार थांबवायला सांगितलं गेलं. माझ्या मते त्या दिवसातला सर्वांत महाग अर्धा तास हाच. आपल्या पडद्यावर दिसत नाही म्हणजे घडत नाही, हे गृहीत धरणं बँकेला भोवलं.

रात्री 10. तोवरचा, पुढे कळलेला हिशेब असा: 28 देशांत सुमारे 12,000 व्यवहारांतून 78 कोटी, आणि भारतात रुपे कार्डांवर 2,849 व्यवहारांतून अडीच कोटी.

रविवार, 12 ऑगस्ट. श्रावण लागला. व्हिसाकडून व्यवहारांची पूर्ण यादी आली, तेव्हा कुठे आकडा कळला.

सोमवार, 13 ऑगस्ट, सकाळी 11.30. एवढं होऊनही चोर आतच होते. आंतरराष्ट्रीय रक्कम पाठवणाऱ्या स्विफ्ट यंत्रणेतून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका ट्रेडिंग कंपनीच्या खात्यात गेले. पुढचं दार बंद केलं, तर मागचं उघडं होतं.

मंगळवारी चतुःशृंगी पोलीस ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यात एकूण रक्कम होती 94 कोटी 42 लाख. खातेदारांच्या खात्यातून पैसा गेला नाही. फटका बँकेला बसला. अमेरिकेने पुढे या कटासाठी उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठपका ठेवला. ते आजतागायत पुण्याच्या कोर्टापुढे आलेले नाहीत. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवून तीन ते चार वर्षांची शिक्षा दिली, ती इथल्या माणसांना.

आमच्या हरसूल गावच्या लोकांनी यातलं एवढंच धरून ठेवावं. खोटा स्विच रोखणं हे बँकेचं काम. पण दुसऱ्याच्या कार्डाने पैसे काढून आणणारा किंवा आपलं खातं वापरायला देणारा माणूस मिळाला नाही, तर चोराला नोटा हाती लागणं अवघड. ‘तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला हजार-दोन हजार घे’ असं म्हणत कुणी त्र्यंबकच्या रस्त्याने गावात आला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर बँक उघडायची वाट बघू नका, सोमवारवर टाकू नका. त्याच मिनिटाला 1930 ला फोन लावा.