पनवेल प्रांतांतील मोहाचें फूल : अन्न, आसव आणि अबकारी

१

कोंकणच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे किल्ल्यांचे जमाखर्च, वतनांचे महजर, आरमाराचे हिशेब आणि ताम्रपट हीं प्रथम डोळ्यांपुढें येतात. या साधनांत रानाचा उल्लेख येतो तो बहुधा इमारती लाकडाच्या, गवताच्या किंवा वाटेवरील भयाच्या निमित्तानें. रानांत राहणारा मनुष्य वर्षभर काय वेंचीत होता, काय खात होता व काय पीत होता, हें सांगणारा कागद सरकारी दप्तरांत उशिरा अवतरतो. आणि अवतरतो तोहि बहुधा गुन्ह्याच्या रूपानें. प्रस्तुत लेखांत पनवेल प्रांतांतील एका फुलाचा, म्हणजे मोहाच्या फुलाचा, वृत्तान्त मांडावयाचा आहे. घरांत होणारें पेय कायद्याच्या दृष्टीनें चोरटी दारू ठरलें, ही गोष्ट अनादि काळापासून चालत आलेली नाहीं. ती इ. स. १८७८ ते १८९२ या चौदा वर्षांत घडून आली, असें दाखवितां येतें. ही कालमर्यादा ध्यानांत न घेतां जुने कागद वाचले तर अर्थाचा अनर्थ होतो, एवढेंच आमचें प्रतिपाद्य आहे.

प्रथम स्थळाचा विचार करूं. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली व पुढें तिनेंच लोहमार्गालगत नवीन पनवेल ही वसाहत उभारली. या वसाहतींतून पूर्वेकडे पाहिलें असतां प्रबळगड व त्यापलीकडे माथेरानचें पठार दिसतें. दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका उभा आहे. माथेरानची वाट ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानें १८५० सालीं धरली, असें सर्वत्र लिहिलेलें आढळतें. परंतु त्या वाटा कातकरी, ठाकूर व धनगर यांच्या पायांखालच्या होत्या. कर्नाळ्याचें रान १९६८ पासून पक्ष्यांचें अभयारण्य आहे. या डोंगरांच्या कुशींत कातकऱ्यांच्या व ठाकरांच्या वाड्या आजहि आहेत. राजवाडे यांनीं १९२४ सालीं महिकावतीची बखर प्रसिद्ध करितांना जोडलेल्या प्रस्तावनेंत उत्तर कोंकणांतील अशा लोकांच्या वसाहतीचा प्रश्न इतिहासाच्या कक्षेंत आणिला. त्यांच्या अन्नाचा प्रश्नहि त्याच कक्षेंत यावयास हवा.

२

मोहाचा मोसम वसंताचा. पानगळ झाल्यावर, नवी पालवी फुटण्याच्या सुमारास, फाल्गुन-चैत्रांत हीं मांसल, पिवळट पांढरीं फुलें पहांटे आपोआप गळून पडतात. झाडाखालची जमीन आधींच झाडून स्वच्छ केलेली असते. उजाडतांच बायका व मुलें टोपल्या भरून फुलें वेंचतात आणि तीं अंगणांत वाळत घालतात. वाळलेलें फूल तांबूस होऊन मनुक्यासारखें दिसतें, आणि त्याच्या वजनाचा सुमारें अर्धा भाग शर्करेचा असतो. पुढें फळें धरलीं म्हणजे बियांचें तेल काढितात. एकच झाड अशा रीतीनें गोडी, तेल, औषध व पेय हीं चारहि पुरवितें.

वसंतांत वेंचलेल्या या फुलांचें खरें मोल मात्र शरदांत कळतें. पावसाळ्यांत टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्यांवर व ओढ्यांतील खेकड्यांवर निर्वाह होतो. भाद्रपद-आश्विनांत भात शेतांत उभें असतें, पण तें हातीं आलेलें नसतें. नाचणी व वरी यांचा मागील सांठा संपत आलेला असतो. अशा वेळीं रानांतील वेल, कंद आणि फुलांचा सांठा हेच आधार. याच दिवसांत करांद्याचे वेल पिकूं लागतात. गोडा करांदा नुसता उकडून खातां येतो. कडू करांदा मात्र चिरून राखेच्या पाण्यांत उकडावा लागतो व वाहत्या पाण्यांत रात्रभर ठेवून त्याचा कडवटपणा घालवावा लागतो. ज्यास ही कृति ठाऊक नाहीं त्याला तें अन्न बाधतें. वाळविलेलीं मोहाचीं फुलें धान्याबरोबर किंवा कंदांबरोबर शिजवून खात. दसरा-दिवाळीच्या सणांस तींच फुलें आंबवून पेय होत असे. पाऊस सरला कीं कातकरी खैराच्या रानांत उतरत आणि उघड्यावर चुली मांडून, खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात पाडीत. त्यांच्या नांवाचा संबंध या धंद्याशीं सामान्यतः जोडला जातो. अन्न, पेय व धंदा हीं तिन्ही त्या ऋतूंत एकाच रानांतून येत.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फुलें पाण्यांत आंबवून होतें तें आसव. त्याची वाफ थंड करून उतरविली जाते ती दारू. पहिल्याची परंपरा फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचविसाव्या अध्यायांत आसवांची मोठी यादी असून तींत फुलांपासून होणारीं दहा आसवें सांगितलीं आहेत. त्यांत कमळाच्या जातींबरोबर मधूक म्हणजे मोह व धातकी म्हणजे धायटी हीं नांवें आहेत. धायटीचें फूल वैद्यांच्या आसव-अरिष्टांत आजहि आंबवणासाठीं घालितात, आणि धायटीचीं झुडपें सह्याद्रीच्या उतारावर विपुल आहेत. तेव्हां ज्या वस्तूस शास्त्रग्रंथांत औषधाचें स्थान मिळालें, तीच वस्तु वाडींतल्या मडक्यांत असतांना तिला केवळ व्यसन म्हणणें इतिहासाच्या दृष्टीनें अपुरें आहे.

३

पेशवाईंत दारूबंदी होती, असें सरसकट म्हटलें जातें. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीवर न्या. रानडे यांनीं १९०० सालीं इंग्रजींत प्रस्तावना लिहिली; तींत या विषयाचा परामर्श घेतलेला आहे. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत कोंकणांत मद्य करण्यास व विकण्यास मनाई होती. ब्राह्मण, शेणवी, प्रभु व सरकारी कामगार यांच्याविषयीं ती विशेष कडक होती. कोळी, भंडारी इत्यादि लोकांच्या बाबतींत मात्र ती चालविणें अशक्य दिसून आल्यानें सवलत द्यावी लागली. या व्यवस्थेंत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, निर्बंधाचा निकष पिणाराची जात व त्याचा दर्जा हा होता. आजच्या दृष्टीनें तो निकष न्याय्य नाहीं, परंतु तो काय होता हें ओळखल्यावांचून हुकुमांचा अर्थ लागत नाहीं. दुसरी ही कीं, हुकुमांचा रोख मद्य करणें व विकणें यांवर आहे. वाळवणांतल्या फुलाला अद्याप गुन्ह्याचें रूप आलेलें नव्हतें.

४

१८१८ सालीं कर्नल प्रॉथर यानें कर्नाळा घेतला व हा प्रांत कंपनीच्या अंमलाखालीं आला. तथापि ज्याला निर्णायक फरक म्हणावें तो साठ वर्षांनीं झाला. १८७८ या एकाच वर्षीं दोन कायदे झाले. हिंदुस्थानचा वनविषयक कायदा (१८७८ चा ७ वा) आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा (१८७८ चा ५ वा). पहिल्यानें राखीव रानांतील उपज परवानगीवांचून घेणें हा अपराध ठरविला. दुसऱ्यानें मद्य तयार करणें व विकणें यांवर परवान्याचें व कराचें जाळें पसरलें. झाड एका खात्याकडे गेलें, मडकें दुसऱ्या खात्याकडे गेलें. मध्यें उरलें तें फूल.

या फुलाचा एक बाजार पनवेलपासून फारसा दूर नव्हता. उरण येथें मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, त्या बहुतेक पारशी मालकांच्या होत्या व तेथील माल मुंबईस जात असे. १८८२ सालीं कॅम्पबेल यानें प्रसिद्ध केलेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत उरणच्या या धंद्याची हकीकत आहे. या भट्ट्यांस लागणारीं फुलें गुजराथेंतील पंचमहालाकडून येत. म्हणजे तेंच फूल उरणच्या भट्टींत गेलें कीं सरकारचा महसूल होई, आणि प्रबळच्या पायथ्याच्या वाडींत आंबलें कीं महसुलाची चोरी ठरे. वस्तु एक, कृति एक. भेद काय तो परवान्याचा.

रानाच्या निर्बंधांविरुद्ध ठाणें-कुलाबा भागांत इतकी ओरड झाली कीं, सरकारास १८८५ सालीं वनचौकशी-मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला. अबकारीची पकड मात्र त्यानंतर आणखी घट्ट झाली. १८९२ सालीं मुंबई सरकारनें म्हौरा ॲक्ट (१८९२ चा ३ रा) केला. ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठीं केलेल्या या कायद्यानें मोहाच्या फुलांचा संग्रह, विक्री व वाहतूक यांवरच नियंत्रण आणिलें. दारू पकडण्याऐवजीं दारूचें मूळ द्रव्य पकडावें, असा यांतील तर्क होता. परंतु तें द्रव्य शरदांतल्या अडचणीच्या दिवसांतील अन्नहि होतें. अन्नाचा सांठा आणि गुन्ह्याची सामग्री यांतील सीमारेषा या कायद्यानें पुसून टाकिली.

सरकारची बाजू अगदींच पोकळ होती असें नाहीं. चोरट्या भट्ट्यांनीं उत्पन्न बुडत होतें, आणि दारूपायीं कुटुंबें कर्जांत बुडत होतीं, हेंहि खरें. रानांतील लोकांनीं स्वतःहून मद्यत्याग केल्याचेंहि उदाहरण आहे. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत उगम पावलेली देवीची चळवळ १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजराथेंतील आदिवासींत पसरली. तिचा एक मुख्य उपदेश दारू सोडण्याचा होता. परंतु व्यसन मोडणें हा एक हेतु व परवान्याचें उत्पन्न राखणें हा दुसरा. म्हौरा ॲक्टानें घरची दारू अडविली, दुकानाची नव्हे. घरीं न मिळणारें पेय मग दुकानांतून, रोख किंवा उधारीनें, घ्यावें लागे. दोन्ही हेतु एकच मानून लिहिलेला इतिहास सरकारी अहवालाची नक्कल होईल.

५

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९२७ च्या वनकायद्यांतील वनोपजाच्या व्याख्येंत कात, मोहाचीं फुलें आणि मोहाच्या बिया हीं नांवें स्पष्ट घातलेलीं आहेत, आणि तीं रानांत सांपडोत अथवा बाहेर, वनोपजच मानावीं असें म्हटलें आहे. कातकऱ्यांच्या शरदांतील चरितार्थाचीं दोन मुख्य साधनें अशा प्रकारें एकाच कलमांत आलीं. तीन वर्षांनीं, २५ सप्टेंबर १९३० रोजीं, आश्विनाच्या आरंभीं, कर्नाळ्याच्या पश्चिमेस चिरनेर येथें अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारांत आठ जण मृत्यु पावले. त्यांत नाग्या महादू कातकरी हें नांव आहे. त्या दिवसाचें वर्णन राष्ट्रीय चळवळीचें एक प्रकरण म्हणून नेहमीं केलें जातें व तें योग्यच आहे. परंतु ज्या रानांत शिरणें अपराध ठरलें होतें तेंच ज्याचें अन्नाचें कोठार होतें, त्या मनुष्याच्या दृष्टीनें त्या प्रकरणाचा आरंभ १९३० मध्यें नसून १८७८ मध्यें आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला व मोहाच्या फुलांवरील निर्बंध त्यांतहि राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला. आणि २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहाचीं फुलें गोळा करणें, सांठविणें व त्यांची ने-आण करणें यांवरील निर्बंध उठविण्याचा निर्णय केला. १८९२ पासून मोजल्यास फुलाच्या सुटकेस सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं.

६

यावरून संशोधकांस व संग्राहकांस उपयोगी अशा तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, स्थळनिर्देशाची. पनवेल तालुका उरणसह १८८३ सालीं ठाणें जिल्ह्यांतून कुलाबा जिल्ह्यांत गेला आणि कुलाब्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. म्हणून १८७८ च्या अबकारी व्यवस्थेचे पनवेलसंबंधींचे कागद ठाण्याच्या दप्तरांत, तर १८९२ च्या कायद्याचे कुलाब्याच्या दप्तरांत पाहिले पाहिजेत. एकच दप्तर चाळून काम थांबविल्यास कथेचा अर्धा भाग हातून निसटतो.

दुसरी, शब्दांची. ‘चोरटी दारू’, ‘हातभट्टी’ हे शब्द महसुलाच्या दृष्टीचे आहेत. ज्या कागदांत ते येतात त्यांचा काळ आधीं पाहावा, मग अर्थ करावा. १८७८ पूर्वींच्या घरगुती आसवास हे शब्द लावणें म्हणजे मागील काळावर पुढील कायदा लादणें होय.

तिसरी, संग्रहाची. ताम्रपट व सनदा जपणारीं घरें आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु जुन्या खोतांच्या, सावकारांच्या व दुकानदारांच्या दप्तरांत रानाचे परवाने, फुलांच्या खरेदीच्या वह्या, दंडाच्या पावत्या व दारूच्या उधारीचे हिशेब यांचे कपटे असतात, आणि ते निरुपयोगी म्हणून प्रथम रद्दींत जातात. ज्या मनुष्यानें स्वतः एक अक्षरहि लिहिलें नाहीं, त्याच्या चुलीची व मडक्याची वार्ता या कपट्यांतच उरली आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते तारीखवार लावून ठेवावे. आणि डोंगरपायथ्याच्या वाड्यांतून वृद्ध माणसें कंदांचीं, फुलांचीं व त्यांच्या कृतींचीं जीं नांवें सांगतात तींहि त्यांच्या शेजारीं टिपून ठेवावीं. कागद आणि तोंडी परंपरा हीं दोन्ही एकत्र ठेविलीं तरच शरदांतल्या त्या रानाचा खरा इतिहास लिहितां येईल.