नावात गाव आणि हातात लय : गोमंतकातील तालवादकांची परंपरा

गोमंतकीय कलावंतांची आडनावे एका ओळीत मांडली, तर देवस्थानांचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. मंगेशकर, नागेशकर, पर्वतकर, केरकर, कुर्डीकर. त्यांतील गायक-गायिकांविषयी विपुल लेखन झाले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या ठेक्यावर ते गायन उभे राहिले, त्या तालवादकांचा उल्लेख बहुधा 'साथीला' या एका शब्दात आटोपतो. देवस्थानांच्या इतिहासातही त्यांच्या वाट्याला यापेक्षा फारसे काही आलेले नाही. नागेशीच्या मंदिरातील इ. स. १४१३ चा शिलालेख श्रीनागेश व श्रीमहालक्ष्मी यांना दिलेल्या दानाची साक्ष आज सहाशे वर्षे देत उभा आहे. दान देणाऱ्याची नोंद दगडावर झाली. वाजविणाऱ्याचे नाव दगडावर कोरण्याची चाल मात्र आपल्याकडे पडली नाही.

देवळाचा दिवस वाद्यानेच सुरू होई आणि वाद्यानेच संपे. पहाटेचा चौघडा, त्रिकाळ पूजेच्या वेळची वाद्ये, सायंकाळची आरती हे नित्याचे. त्यावर वर्षभराचे उत्सव : पालखी, जत्रा, काला, शिमगा आणि नवरात्रातील मखर. मखराचे उदाहरण येथे मुद्दाम घेण्यासारखे आहे. देवता विराजमान झालेले ते सजविलेले मखर आरतीच्या वेळी डावी-उजवीकडे झुलविले जाते आणि भाविकांची दृष्टी साहजिकच मखरावर खिळलेली असते. पण झुलविणाऱ्यांचे हात आणि वाद्यांचा ठेका यांचा मेळ बिघडला, तर त्या सोहळ्याचा सारा डौल नाहीसा होतो. पालखीचेही तसेच. ती ठरलेल्या 'पेण्यां'वर थांबते, तेथे गायन होते, आणि गायन बैठकीचे नसून उभ्याचे असेल तर वादकालाही उभ्यानेच, तबला कमरेला बांधून साथ करावी लागे. पुढे शहरातील मैफलींत गादीवर बसून वाजविणाऱ्या पिढीला हे कष्ट ठाऊकही राहिले नाहीत.

ही सेवा करणारे सर्व एकाच वर्गाचे नव्हते. नौबतखान्यातील वाजंत्री वेगळे, ढोल-ताशे वाजविणारे वेगळे आणि कलावंतिणींच्या गायनाला तबला-सारंगीची साथ करणारे त्यांच्याच घरांतील पुरुष वेगळे. प्रत्येकाची जागा जातीने ठरलेली होती. कोणी कोठवर यावे, कोठे उभे राहावे, याचेही दंडक होते. देवाला ज्याचा नाद चालत होता, त्याचा स्पर्श देवळाला चालत नव्हता, असेही घडत आले. सेवेबद्दल जमिनीचा तुकडा, धान्य, नारळ, प्रसादाचा वाटा असे काही मिळे, आणि त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे बंधनही येई. स्मरणिकेच्या पानांवर ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

कलावंतांच्या घरांत वंश आईकडून मोजला जाई. घराचे नाव आणि उत्पन्न गाणाऱ्या स्त्रीच्या गळ्यावर चाले. तिचा भाऊ साथीला बसे आणि पुढच्या पिढीचा तो मामा, म्हणजे पालकही आणि पहिला गुरूही. खाप्रुमाम, वल्लेमाम ही नावे उच्चारताना त्यांतील 'माम' हे केवळ लाडाचे संबोधन नव्हे, हे ध्यानात घ्यावे लागते. एका संपूर्ण कुटुंबरचनेचा तो अवशेष आहे.

खाप्रुमाम म्हणजे लक्ष्मणराव पर्वतकर (१८८०–१९५३). केपे महालातील पारोड्याजवळचा, श्रीचंद्रेश्वर-भूतनाथाचा 'पर्वत' हे त्यांचे गाव. तबला आणि सारंगी ही दोन्ही वाद्ये ते जाणत. परंतु त्यांची कीर्ती झाली ती वाद्यामुळे नव्हे, तर लयीमुळे. 'लयभास्कर' ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जडली. दोन्ही हातांनी, पायांनी आणि मुखाने निरनिराळे ताल एकाच वेळी धरून ते सर्व समेवर एकत्र आणून दाखविण्याची त्यांची सिद्धी जाणकारांना थक्क करीत असे.

या सिद्धीचे मोल कळण्यासाठी थोडे गणित करून पाहावे. त्रिताल सोळा मात्रांचा आणि झपताल दहांचा. दोन्ही एकदम सुरू केले, तर त्यांची सम पुन्हा एकत्र येते ती ८० व्या मात्रेच्या अखेरीस. त्यांत बारा मात्रांचा एकताल मिळविला की २४० मात्रा मोजाव्या लागतात. तेवढ्यात त्रितालाची १५, झपतालाची २४ आणि एकतालाची २० आवर्तने पुरी होतात. सात मात्रांचा रूपक जोडल्यास हाच हिशेब १६८० मात्रांवर जातो. कागदावर हे लघुतम साधारण विभाज्य शाळकरी मुलगाही काढील. ते शरीरात वागविणे, एका हाताला दुसऱ्या हाताची चाहूल लागू न देणे, ही निराळीच गोष्ट आहे. खाप्रुमामांना केवळ चमत्कार करणारा मानण्याची प्रवृत्ती काही लेखनात दिसते, ती अन्यायाची आहे. त्यांनी लयीचा शास्त्र म्हणून विचार केला आणि तो शिष्यांना दिला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून या मंडळींची पावले मुंबईकडे वळली. नाटक मंडळ्या, मैफली, पुढे ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांमुळे वादकाला रोख बिदागी मिळू लागली. मोठे कारण मात्र निराळे होते. मुंबईत तबलजी हा तबलजी म्हणून ओळखला जाई. गावी त्याची ओळख जन्माने आधीच ठरलेली असे. त्याच काळात समाजात सुधारणेची चळवळ उभी राहिली होती आणि देवळातील सेवेचे जोखड झुगारून शिक्षणाकडे वळण्याची हाक दिली जात होती. राजाराम पैंगिणकरांनी आपल्या आत्मचरित्राला 'मी कोण?' हे नाव दिले, त्यात त्या पिढीचा सारा प्रश्न सामावला आहे.

नागेशी येथे १९१३ साली जन्मलेले पंढरीनाथ नागेशकर हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय. पहिले धडे घरच्या वडीलधाऱ्यांकडे व गोमंतकीय गुरूंकडे घेऊन ते मुंबईला गेले आणि तेथे फरुखाबाद घराण्याचे अमीर हुसेन खाँ यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ तालीम घेतली. गोमंतकातील लयविचार आणि उत्तरेतील घरंदाज बंदिशी यांचा असा संगम झाला. पुढे त्यांच्याकडे शिकलेल्यांत सुरेश तळवलकरांसारखे वादक झाले. येथे विद्या मामाकडून भाच्याकडे जाण्याचे बंधन सुटले आणि ती शिकू इच्छिणाऱ्या कोणालाही मिळू लागली. नागेशकर २००८ साली वारले, तेव्हा त्यांनी वयाची पंचाण्णव वर्षे पुरी केली होती.

जे गेले ते नावारूपाला आले. गावीच राहिलेल्यांचा तबला हळूहळू थांबला, पण घुमट मात्र टिकला. दोन्ही बाजूंनी उघडे असे हे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, आणि लहान तोंडावर डाव्या हाताचा तळवा कमी-अधिक झाकून त्यातून घुमारा काढावयाचा. शामेळ व कांसाळे यांच्या जोडीने म्हटली जाणारी घुमटआरती आणि सुवारीवादन यांत जातिभेदाच्या भिंती पुष्कळशा गळून पडल्या. ख्रिस्ती बांधवांच्या मांड्यालाही घुमटच साथ देतो. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याच्या कातड्याकडे वळावे लागले. नाद पूर्वीसारखा येत नाही, अशी जुन्या वादकांची तक्रार असते. पण घोरपडीचा जीव घेऊन नाद मिळवावा असे आता कोणी म्हणणार नाही. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून घोषित केले.

आज अनेक देवळांत आरतीच्या वेळी विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र वाजते. ते थकत नाही, रजा मागत नाही आणि लय चढवीतही नाही. यंत्र आणले म्हणून कोणास दोष देता येत नाही, कारण पहाटे चार वाजता नौबतखान्याचा जिना चढणारा माणूसच उरलेला नाही, आणि त्याच्या मुलाने तो चढावा असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. जे करता येण्याजोगे आहे ते निराळे. देवस्थानांचे जुने जमाखर्च मराठीत, मोडी लिपीत लिहिलेले आहेत. कित्येक वह्या महाजनांच्या घरी पेटाऱ्यांत पडून आहेत. उत्सवाच्या खर्चाखाली वाजविणाऱ्यांना दिलेल्या रकमा त्यांत सापडावयाच्या. रकमेपुढे कोठे एखादे नाव असेल, तर ते आताच उतरून घेतले पाहिजे, कारण मोडी वाचणारेही आता थोडेच राहिले आहेत.