पासपोर्टवरचं नाव

मागच्या महिन्यात चाकणजवळच्या आमच्या एका गटात कर्जाचा वेगळाच अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, पोराच्या फीसाठीही नाही. गटातल्या एका मावशींना पासपोर्ट काढायचा होता. जावई इथल्याच कारखान्यातून जर्मनीला गेलेला, लेक त्याच्याबरोबर, आणि लेकीला दिवस गेलेत. पहिलटकरीण आहे. आपल्यात लेक बाळंतपणाला माहेरी येते. इथे माहेरालाच विमानात बसून लेकीकडे जायचं होतं.

बैठकीत दोन तट पडले. फिरायला जायला गटाचे पैसे कशाला, असं काहीजणी म्हणाल्या. एक काकू फणकाऱ्यानं म्हणाल्या, "वारीची भिशी लावतो तेव्हा कुणी विचारतं का, यातून उत्पन्न काय?" हशा झाला, पण निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मधल्या दिवसांत आम्ही जुनी पुस्तकं काढली. आपल्या बायका परदेशी कशा गेल्या, कुणी पाठवलं, पैसा कुठून आला, हे बघायचं होतं.

डॉक्टर आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही ऐकलंय. त्यांचं माहेरचं नाव यमुना. जन्म १८६५, कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी बाळंतपण झालं, मूल दहा दिवसांत गेलं. वेळेवर औषधपाणी मिळालं नाही, याचीच टोचणी लागून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. नवरा गोपाळराव टपाल खात्यात. त्यांनी मदतीसाठी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या, तिथे त्यांनी ते वाचलं. मग पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ना रक्ताचं नातं, ना कधी तोंड पाहिलेलं. जवळजवळ तीन वर्षं पत्रापत्री झाली, तेव्हा कुठे जाणं ठरलं. आपण तीन महिन्यांत सगळं उरकायला बघतो.

त्या काळी समुद्र ओलांडला की जात गेली, असं मानत. २४ फेब्रुवारी १८८३ ला कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला अठराव्या वर्षाची ही मुलगी लोकांपुढे उभी राहिली आणि आपण का जातोय ते तिनं इंग्रजीत सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्दही दिला. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. जवळजवळ दोन महिने. नवरा सोबत नव्हता, ओळखीच्या मिशनरी बायकांची सोबत होती.

आता आम्हाला यातलं सगळ्यात जवळचं वाटलेलं सांगतो. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ ला होता. त्यासाठी लांबच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून बोटीनं आल्या, लेकीला घेऊन. मनोरमा तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती. रमाबाई विधवा. इंग्लंडला जायचा खर्च त्यांनी स्वतःच्या 'स्त्रीधर्मनीति' पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला होता. कडेवर लहान पोर, हिवाळ्यातला समुद्र, आणि नात्यातल्या मुलीचं कौतुक बघायला जायचं. नातलगांना भेटायला परदेशी जाणं म्हणतात ते हेच नव्हे का? गोपाळरावही तोवर तिथे पोचले होते. परदेशातल्या त्या सभागृहात आनंदीबाईंची घरची माणसं हजर होती, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. आनंदीबाईंनी पदवीसाठी निबंध लिहिला तो कशावर? आपल्याकडच्या बाळंतपणाच्या शास्त्रावर.

रमाबाई आल्या थोड्या दिवसांसाठी आणि अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. आजच्या व्हिसात हे बसलं नसतं! तिथे हिंडून, व्याख्यानं देऊन त्यांनी पैसा जमवला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यांचंच, आपल्याच जिल्ह्यातलं. आनंदीबाईंचं मात्र तसं झालं नाही. क्षयानं पोखरलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविशीसुद्धा पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी मानलेल्या मावशीकडे अमेरिकेला पाठवल्या. कार्पेंटरांच्या घरच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.

या दोघींना आजच्यासारखी पासपोर्टची अट नव्हती. ती पहिल्या महायुद्धानंतर पक्की झाली. आपल्याकडे इंग्रजांनी १९२० साली कायदा केला, आजचा कायदा १९६७ चा. परदेशी जाणं हाही माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९७८ साली मेनका गांधींच्या खटल्यात सांगितलं. डिसेंबर २०१६ मध्ये नियम आणखी सैल झाले. लग्नाचा दाखला द्यायची सक्ती गेली आणि अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालू लागलं. टाकलेल्या आणि एकट्या बायकांसाठी हे किती मोठं आहे, ते आपल्या गटांना वेगळं सांगायला नको.

पण मावशींचं घोडं अडलं ते नावावरच. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगनं. यमुनेची आनंदी झाली, त्याला दीडशे वर्षं झाली, तरी आपली हीच गत. एका एजंटानं "सगळं करून देतो" म्हणून आधी तीन हजार घेतले आणि मग फोन उचलणं बंद केलं. खरी फी १५०० रुपये आहे आणि अर्ज आपला आपल्याला भरता येतो. दुसऱ्या नावानं ओळखतात का, असं फॉर्ममध्येच विचारतात. तिथे खरं ते लिहायचं, लपवायचं नाही. व्हिसाला मायलेकीचं नातं कागदावर दाखवावं लागतं, म्हणून लेकीच्या दाखल्यावरचं आईचं नाव आधी दुरुस्त करून घेतलं. मावशी सातवी शिकलेल्या. दहावी नसली की पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो, त्याला त्या घाबरल्या. तो शेरा ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी असतो, लेकीकडे पाहुणी म्हणून जाताना आड येत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. कर्ज मंजूर झालं, पण फक्त पासपोर्ट आणि मुंढव्याच्या केंद्रापर्यंतच्या भाड्यापुरतं. तिकीट जावई काढणार. विरोध करणाऱ्या दोघींनी शेवटपर्यंत हात वर केला नाही. तेही नोंदवहीत लिहिलंय.

दिवसांचा हिशोब सगळ्यांनी मिळून बसवला. जर्मनीच्या पाहुण्याच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. डॉक्टरनं दिलेल्या तारखेआधी तीन आठवडे जायचं, सव्वा महिना पुरा करायचा, तारीख मागेपुढे झाली तर हाताशी थोडे दिवस ठेवायचे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आजारपणाचा किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, तो इथूनच काढायचा.

गेल्या गुरुवारी पोलीस चौकशी झाली. आता मावशींचं सगळं लक्ष लाडवांकडे आहे. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूपही नाही. हे कळल्यावर त्या दोन दिवस गप्प होत्या. काल म्हणाल्या, "डिंक आणि खारकेची पूड नेते. तूप तिथलंच घेईन, लाडू तिच्या ओट्यावर वळीन."