दुसरी प्रत नसलेली सहा मिनिटं

मोबाइल घरीच ठेवून या. १९६९ च्या मुंबईत तो खिशातून बाहेर काढलात तर कुणी कौतुकाने बघणार नाही, सरळ कस्टमवाल्यांना बोलावतील. अंगावर साधे सुती कपडे असू द्या, खिशात थोडी चिल्लर, आणि नियम एकच लक्षात ठेवा: बघायचं सगळं, बदलायचं काही नाही. हा नियम शेवटी शेवटी फार जड जाणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

बस तुम्हाला नेपियन सी रोडवर सोडून पुढे जाते. मुंबईतली शेवटची ट्राम धावून पाच वर्षं झालीत. चंद्रावर माणूस उतरला त्याला काही महिने झालेत, बँका सरकारजमा झाल्या त्यालाही तेवढेच. पानवाल्याच्या ठेल्यावर ट्रान्झिस्टर चालू आहे. घराघरांच्या गच्चीवर तुम्हाला काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं, मग लक्षात येतं की एकही अँटेना नाही. असणार कुठून? मुंबईत दूरदर्शन यायला अजून तीन वर्षं आहेत, २ ऑक्टोबर १९७२. हे विसरू नका. तुम्ही ज्या शहरात हलत्या चित्रांची कला बघायला आलात, त्या शहराच्या दिवाणखान्यांत हलणारं चित्र अजून शिरलेलंच नाही.

फाटकाजवळच्या बाकावरचा रखवालदार तुम्हाला खालून वर न्याहाळतो. "खंय जातास?"

तुम्ही चित्रकारांचं नाव सांगता.

"जावा वर. दिवसाउजेडी खिडक्ये बंद करतत नि आत दिवे लावून बसतत. काय करतत ता देवाक म्हायत."

त्याचं वर्णन अगदी बरोबर आहे. दार उघडतं आणि उन्हातून आल्यामुळे तुम्हाला पहिल्यांदा काहीच दिसत नाही. नाकाला मात्र कळतं: तापलेल्या दिव्यांचा वास, डिंकाचा वास, कुठेतरी फोटो धुण्याच्या रसायनाचा आंबूस वास. हे ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’. अकबर पदमसींना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. चाळिशी ओलांडलेला, नाव झालेला चित्रकार. अशा पैशांतून त्याने युरोपची वारी केली असती किंवा मोठे कॅनव्हास घेतले असते, कुणी नावं ठेवली नसती. पदमसींनी कॅमेरा, एडिटिंग टेबल असली सामग्री जमवली आणि दार उघडं ठेवलं. इथे चित्रकार येतात, सिनेमावाले येतात, उदयन पटेलांसारखे मनोविश्लेषक येतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेले कुमार शहानी आणि मणी कौल यांचं नावही या जागेशी जोडलेलं आहे. शिकवणी नाही, परीक्षा नाही.

डोळे अंधाराला सरावले की कोपऱ्यातल्या टेबलावर एक शहर दिसतं. पुठ्ठ्याचं. भिंती, कोनाडे, पायऱ्या, एकातून एक उघडणारे चौकोन. त्याच्यावर वाकलेली मुलगी तेवीस वर्षांची आहे. कराचीत जन्म, फाळणीत घर सुटलेलं, नुकतीच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेली. इथल्या पुरुषांच्या घोळक्यात ती एकटी स्त्री आहे आणि वयाने सगळ्यात लहान. नाव नलिनी मलानी. पुढे तिची प्रदर्शनं पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरपर्यंत जाणार आहेत; आज मात्र तिला कुणीतरी जिलेटिन धरायला हवंय आणि खोलीत रिकामे हात फक्त तुमचे आहेत.

धरा. लाल रंगाचा पारदर्शक कागद दिव्यापुढे असा धरायचा की पुठ्ठ्याची डावी भिंत पेटेल आणि उजवी काळोखात राहील. खट्. एक फ्रेम झाली. आता निळा. खट्. कधी तीच फिल्म मागे फिरवून त्याच फ्रेमवर दुसरा रंग चढवायचा. आठ मिलिमीटरच्या फिल्मवरची एक फ्रेम करंगळीच्या नखापेक्षाही लहान असते आणि पडद्यावर सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या, तर मिनिटभराच्या चित्राला ९६० वेळा खट्. तुमचा हात दुखायला लागतो. दिव्याची झळ बोटांना लागते. तासाभराने तुम्ही हिशेब करता तेव्हा पडद्यावर जेमतेम चार-पाच सेकंदं जमा झालेली असतात, आणि ती कशी दिसतात हे फिल्म धुऊन येईपर्यंत कुणालाच कळणार नाही. आज चुकलेलं आज पुसता येत नाही. तुम्ही सवयीने एकदा ‘परत दाखवा ना’ म्हणायला तोंड उघडता आणि मिटता.

या फिल्मचं नाव ‘ड्रीम हाउसेस’. स्वप्नातली घरं हा शब्द त्या काळात जाहिरातीचा नव्हता, हे कळायला आजच्या माणसाला जरा कष्ट पडतात. चारच वर्षांपूर्वी, १९६५ मध्ये, ‘मार्ग’ मासिकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायची कल्पना मांडली होती. पुढच्याच वर्षी ती वसवायला सिडको ही सरकारी संस्था निघणार आहे. सगळ्यांना नीट घर, उजेड, मोकळी जागा: हे होणार, अशी खात्री बाळगणारी माणसं तेव्हा खरोखर होती. कोरियांचे आणि अमेरिकन वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांचे विचार या पुठ्ठ्याच्या भिंतींमागे आहेत. तुम्हाला सिडकोच्या घरांच्या आजच्या सोडती ठाऊक आहेत. गप्प राहा. जिलेटिन सरळ धरा.

याला ‘व्हिडिओ आर्ट’ म्हणायचं का, हा प्रश्न तुमच्या जिभेवर असेल. काटेकोरपणे पाहिलं तर नाही. ही फिल्म आहे, रसायनात धुतलेली. खांद्याला अडकवून फिरवता येणारा सोनीचा व्हिडिओ संच दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत बाजारात आलाय आणि नाम जून पाइक वगैरे कलाकार मंडळी न्यूयॉर्कमध्ये त्यावर तुटून पडलीत. कलेच्या इतिहासाची जाड पुस्तकं गोष्ट तिथूनच सुरू करतात आणि आपल्याकडे ती यंत्रं यायला नव्वदचं दशक उजाडलं म्हणून आपण तीस वर्षं मागे, असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. मला हा निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही आत्ता ज्या टेबलापाशी उभे आहात तिथे चित्रकार काळालाच रंग म्हणून वापरतेय. यंत्र कुठलं होतं ही दुकानदाराची चौकशी झाली.

शेजारच्या खोलीत या.

इथे पदमसींची रेखाटनं आहेत. बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेघा, पुन्हा बिंदू. सुमारे हजार कागद. फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांच्या मदतीने त्यांची अकरा मिनिटांची फिल्म होतेय, ‘सिझिजी’. ग्रह एका ओळीत येतात त्या स्थितीचं हे नाव. क्षणभर पुढे सरका, ती तयार झालेली बघा. फिल्म पूर्ण मूक आहे. खरं सांगायचं तर ही अकरा मिनिटं जड जातात. पहिली तीन मिनिटं तुम्ही आकार ओळखू पाहता, पाचव्या मिनिटाला खुर्ची टोचू लागते, सातव्याला प्रोजेक्टरची घरघर हेच संगीत वाटायला लागतं. मग केव्हातरी एक रेघ दुसरीला भेटायला निघते आणि ती पोचेल का, याची तुम्हाला काळजी लागते. रेघेची काळजी! तेवढ्यासाठी अकरा मिनिटं बसायची तयारी हवी. ती ज्यांची नसेल त्यांना मी दोष देणार नाही.

पण तुम्ही ज्यासाठी इतक्या लांब आलात ती फिल्म ही नव्हे. ती आता लावतायत. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, सोळा मिलिमीटर, सहा मिनिटं.

क्लाउड चेंबर म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांची वाफेने कोंदलेली पेटी. डोळ्यांना न दिसणारा कण तिच्यातून गेला की मागे धुक्याची एक रेघ उमटते. कण निघून गेलेला असतो, दिसते ती त्याची वाट. पदमसींनी स्वतःचंच एक तैलचित्र घेतलंय, एक स्वप्नवत भूप्रदेश. त्या चित्राचे रंग फिल्मवर आणायला कागदाचे स्टेन्सिल आणि स्लाइड प्रोजेक्टर वापरून प्रकाशाचे आकार एकावर एक चढवलेत. कॅमेरा बोलेक्स, स्प्रिंगला किल्ली देऊन चालणारा. एका किल्लीत सुमारे अठ्ठावीस सेकंदं. संगीत गीता साराभाईंचं. हो, त्याच, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन संगीतकार जॉन केजना भारतीय संगीताचे धडे दिले होते. हे संगीत मात्र इलेक्ट्रॉनिक आहे. तंबोऱ्यावर वाढलेला तुमचा कान आधी बिचकतो.

दिवे मालवले. बघा. नीट बघा, कारण तुमच्या काळातलं कुणीही हे पाहू शकत नाही. मी इथे वर्णन करणार नाही. मी पाहिलेली नाही. तुम्ही उभे आहात आणि मी नाही, एवढाच आपल्यातला फरक.

सहा मिनिटं संपतात. फिल्मचं शेपूट फडफडतं, कुणीतरी रीळ काढून गोल डब्यात ठेवतं, डबा टेबलावर. तुमच्या हातापासून वीतभर अंतरावर. तुम्हाला माहीत आहे की या फिल्मची ही एकमेव प्रत आहे, आणि ती गहाळ होणार आहे. सदऱ्याच्या आत सहज मावेल. नियम आठवतोय ना? डबा तिथेच ठेवा आणि बाहेर पडा.

जाता जाता १९७६ मध्ये क्षणभर थांबा. आणीबाणी आहे. वर्कशॉप कधीचंच मिटलंय, फेलोशिपचे पैसे संपले. मलानी पॅरिसला दोन वर्षं राहून परतल्यात. आता त्यांच्या काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये एक तरुणी उंचावरच्या खिडकीतून मुंबईकडे बघतेय. रंगीत पुठ्ठ्याची घरं आणि ही खिडकी शेजारी शेजारी दाखवली की होते ‘युटोपिया’. सहा-सात वर्षांत काय झालं, ते दोन भिंतींच्या मधल्या फटीत वाचा.

आणि १९९९. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. पोखरणच्या मे १९९८ मधल्या अणुचाचण्यांना वर्ष होत आलंय. आत शिरलात की आरशासारख्या चकचकीत जमिनीत तुमचेच पाय दिसतात. बारा लोखंडी ट्रंका उघड्या पडल्यात, फाळणीत लोकांनी डोक्यावरून नेल्या तशा, आणि प्रत्येकीत कपड्यांच्या जागी टीव्हीचा पडदा. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका एकच साडी घडी करू बघतायत, मध्ये तुम्ही. टोकं जुळत नाहीत. पलीकडे हिरोशिमाचा ढग वर चढतो, मंटोची फाळणीवरची ‘टोबा टेकसिंग’ ही गोष्ट ऐकू येते. हे सगळं मांडलंय पुठ्ठ्याच्या घरावर वाकलेल्या त्याच मुलीने, आता त्रेपन्न वर्षांच्या. या वेळी यंत्रं आहेत, प्रोजेक्टर आहेत, लोकांची रीघ आहे. तुमच्या शेजारी उभी असलेली एक आजी ट्रंकेत वाकून बघते आणि बराच वेळ सरळ होत नाही.

आता परत या. आशिम अहलुवालिया या मुंबईच्या दिग्दर्शकाने हरवलेल्या त्या सहा मिनिटांचा पाठपुरावा केला आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीवरून, २०१६ मध्ये ती फिल्म पुन्हा उभी केली. पुन्हा उभी केलेली ती दुसरी फिल्म आहे, आणि चांगली आहे. पदमसी ६ जानेवारी २०२० ला गेले. मूळ रीळ सापडलेलं नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं. मुंबईतल्या एखाद्या जुन्या घराचा माळा साफ करताना पत्र्याचा गोल डबा हाती लागला, उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. तो वास फिल्म मरत असल्याचा आहे, मेल्याचा नव्हे. डबा उन्हापासून लांब ठेवा आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आणि घरात कुणी विशी-पंचविशीचं पोर लॅपटॉपवर रात्र-रात्र जागून कुणालाही न कळणारे व्हिडिओ करत असेल, तर ते काय आहे असं विचारू नका. दुसरी प्रत कुठे ठेवलीस, एवढंच विचारा.