गळांचे दोर पूर्वेकडे गेले तेव्हा

पॅसिफिक महासागरात विषुववृत्तावर पृष्ठभागाचे पाणी व्यापारी वाऱ्यांच्या रेट्याने पश्चिमेकडे वाहते, ही दर्यावर्दींची जुनी माहिती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला होनोलुलूचे मत्स्यसंशोधक तिथे ट्यूना पकडण्यासाठी गळांचे लांबच लांब दोर खोल सोडत. हे दोर वाहत गेले ते उलट, पूर्वेकडे! टाउनसेंड क्रॉमवेल यांनी या विसंगतीचा पिच्छा सोडला नाही. १९५२ मध्ये त्यांनी खोलवरचा प्रवाह मोजला आणि १९५४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह तो ‘सायन्स’मधून जाहीर केला. पृष्ठभागाखाली साधारण १०० मीटरवर, सेकंदाला मीटरभराहून अधिक वेगाने, वरच्या पाण्याच्या अगदी विरुद्ध दिशेने एक प्रचंड प्रवाह चालला होता. अटलांटिकात असाच प्रवाह जॉन यंग ब्युकॅनन यांना १८८६ मध्येच आढळला होता, पण तो विस्मरणात गेला. क्रॉमवेल १९५८ मध्ये विमान अपघातात गेले. त्याच वर्षी जॉन नॉस यांच्या मोहिमेने या प्रवाहाची तपशीलवार मोजणी केली.

प्रवाहाबरोबरच विषुववृत्तावर महाकाय लांबीच्या लाटाही धावतात. १९६६ मध्ये जपानच्या तारो मात्सुनो यांनी त्यांचे गणित मांडले. केल्विन लाट पूर्वेकडे जाते. तिची जोडीदार, सर्वांत वेगवान लांब रॉस्बी लाट, सुमारे एक तृतीयांश वेगाने पश्चिमेकडे. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांशी यांचे काही साम्य नाही. पृष्ठभागावर त्यांची उंची जेमतेम काही सेंटीमीटर असते, पण वरचे ऊबदार पाणी आणि खालचे थंड पाणी यांच्यामधली सीमा त्या कित्येक मीटर वर-खाली करतात. पॅसिफिक ओलांडायला केल्विन लाटेला दोन-तीन महिने लागतात आणि एल निनोची चाहूल बऱ्याचदा तीच घेऊन येते.

मात्सुनोंचे गणित देखणे होते, आजही आहे. पण त्यातला समुद्र मुळात स्तब्ध होता.

खऱ्या समुद्रात प्रवाह असतात आणि ते लाटाही घडवतात, याचा ठळक पुरावा उपग्रहाने दिला. रिचर्ड लेगेकिस यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अवरक्त चित्रांत विषुववृत्ताजवळच्या थंड पाण्याची कड नागमोडी दिसत होती. एकेक वळण सुमारे १००० किलोमीटरचे. शेजारून उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहांच्या वेगातला फरकच अशा लाटांना जन्म देतो, हे जॉर्ज फिलँडर यांनी गणिताने दाखवले. म्हणजे प्रवाह लाटेला नुसता वाहून नेत नाही, तिला ऊर्जाही पुरवतो.

१९९२ मध्ये ‘टोपेक्स/पोसायडन’ उपग्रह अवकाशात गेला आणि समुद्राची पातळी काही सेंटीमीटरच्या अचूकतेने मोजता येऊ लागली. डडली चेल्टन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्या नोंदींतून पॅसिफिकमधल्या रॉस्बी लाटा तपासल्या. स्तब्ध समुद्राच्या गणितानुसार विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना त्या सारख्याच उंच हव्या होत्या. प्रत्यक्षात उत्तरेचे शिखर मोठे निघाले. पॅसिफिकचे प्रवाह मुळात असमान आहेत: उत्तरेला पूर्वेकडे जाणारा प्रतिप्रवाह जोरकस, दक्षिणेला तसा नाही. हे प्रवाह समीकरणात घातल्यावर लाटांचा तो एकांगी आकार बराचसा उलगडला. प्रवाह इथे दुहेरी काम करतो. लाटेला तो पुढे किंवा मागे रेटतो, शिवाय थंड-ऊबदार पाण्याची सीमाच तिरपी करून लाटेचा मार्ग बदलतो. हा दुसरा परिणाम सहज नजरेतून निसटतो, म्हणून तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

प्रवाह आणि लाटा यांच्या नात्याचे हे कोडे हिंदी महासागरात आणखी अवघड आहे. इथले वारेच ऋतूनुसार फिरतात, म्हणून पॅसिफिकसारखा पृष्ठभागाखालचा प्रवाह, म्हणजे अंतःप्रवाह, वर्षभर टिकत नाही. क्लाउस विर्टकी यांनी १९७३ मध्ये दाखवले की, दोन मोसमांच्या मधल्या काळात, वर्षातून दोनदा, विषुववृत्तावर पूर्वेकडे जोरदार प्रवाह सुटतो. त्याच्यासोबत निघालेल्या केल्विन लाटा महिन्याभरात सुमात्रा गाठतात. पुढे किनाऱ्याला धरून बंगालच्या उपसागराला वळसा घालत त्यांचा परिणाम भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर मोलाचे काम केले आहे. सुमात्राहून परतणाऱ्या रॉस्बी लाटेला मात्र महासागर ओलांडायला सुमारे तीन महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत तिच्याखालचा प्रवाहच बदललेला असतो.